सात लिटरांचा एक किलो

मार्च २०२५ मध्ये मुंबईत अधिवेशन चालू असताना श्रीगोंद्याचे आमदार विक्रम पाचपुते विधानसभेत पनीर घेऊन आले. बनावट पनीर. पनीरच्या नावाखाली लोकांच्या पोटात भलतंच काही जातंय, ही त्यांची तक्रार. वाहिन्यांनी तो पांढरा ठोकळा दोन दिवस दाखवला आणि विषय मागे पडला. मला त्यात गंमत वाटली ती आमदारांच्या मतदारसंघाची. दुधाच्या उत्पादनात राज्यात पहिल्या नंबरवर असणारा जिल्हा, नगर. कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण एसटीच्या रांगेत आणि बाजारात अजून नगरच. तिथल्या आमदारावर खोट्या पनीरची तक्रार घेऊन मुंबईला जायची वेळ आली.

भेसळ ओळखायची कशी, असं सगळे विचारतात. प्रयोगशाळा लागते, खरं आहे. पण त्याआधी एक साधा हिशोब आहे आणि तो ज्याने घरी एकदा तरी दूध फाडलंय त्याला तोंडपाठ असतो. गायीचं ३.५ फॅटचं दूध घेतलं तर लिटरमागे दीडशे ग्रॅमच्या आसपास पनीर हाती येतं, नीट दाबलं तर थोडं कमीच. म्हणजे किलोभराला साडेसहा-सात लिटर दूध. म्हशीचं असेल तर पाच लिटरांत भागतं, पण म्हशीच्या दुधाचा दरही तसाच चढा. आता शेतकऱ्याला लिटरमागे तीस रुपये मिळतात असं धरा. किलोचं नुसतं दूधच दोनशेचं झालं. जळण, मजुरी, बर्फ, गाडीभाडं, दुकानदाराचा नफा यातलं अजून काहीच धरलेलं नाही. मोठ्या डेअऱ्या थोडी साय काढून घेतात, तिचं तूप-लोणी वेगळं विकतात, तिथे त्यांचे चार पैसे सुटतात. तरीही कुणी हॉटेलवाल्याला दोनशे रुपयांत किलो पनीर जागेवर पोच करत असेल, तर त्या दुधात गाय किती आणि तेलाचा डबा किती, हे विचारायला विधानसभेत जावं लागत नाही.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. पनीरमधलं पाणी वगळून जे उरतं, त्यात निम्मा तरी दुधाचा स्निग्धांश हवा. वनस्पती तेल घालून केलेला पनीरसारखा पदार्थ करायला आणि विकायला बंदी नाही. तो पनीर म्हणून विकायला आहे. पाकिटावर बारीक अक्षरात ‘अ‍ॅनालॉग’ लिहिलेलं असतं, हॉटेलातल्या वाटीवर ते कोण लिहिणार? घरच्या घरी करायची आयोडीनची चाचणी सगळ्यांना ठाऊक असते: तुकडा पाण्यात उकळून गार करायचा, वर आयोडीनचे दोन थेंब, निळं झालं तर पिठूळ भेसळ. चाचणी खरी आहे, पण तिला फक्त स्टार्च कळतो. पामतेल घातलेलं पनीर तिच्यासमोर पांढरंशुभ्र बसून राहतं.

तर मुद्दा हिशोबाचा. आणि तो नगर जिल्ह्याच्या खेड्यांतून कसा नाहीसा झाला, याचा.

पहाटे साडेपाच-सहाला प्रवरेच्या किंवा मुळेच्या काठचं कुठलंही गाव घ्या. मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना किटल्या, मागे बसलेल्या पोराच्या मांडीवर तिसरी. ‘डेअरीला दूध घालून येतो’ हे इथल्या सकाळचं पहिलं वाक्य. केंद्रावर मशीन वाटीभर नमुना ओढून घेतं, पडद्यावर फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ, यांचे आकडे उमटतात, बोटभर पावती फाटते. ३.५ आणि ८.५ हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतात, कारण त्याच्या खाली गेलं की पॉइंटमागे दर कापला जातो. कॅन भरतात, टेम्पो येतो, दूध जातं. घरात उरतं चहापुरतं. आणि संध्याकाळी पाहुणे येणार असले की त्याच घरातलं पोरगं नाक्यावरून पाव किलो पनीर घेऊन येतं.

या दुधामागे पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे. १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, भंडारदऱ्याच्या पाण्यावर ऊस वाढला, आणि उसाबरोबर त्याच्या शेंड्यांचं वाढं आलं. गाळपाच्या दिवसांत वैरणीची ददात मिटली. पुढे संकरित गाय आली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले त्रिवेणी’ तयार केली: निम्मं रक्त होल्स्टिनचं, पाव जर्सीचं, पाव गीरचं. संगमनेरचा ‘राजहंस’, कोपरगावचा गोदावरी खोरे यांसारखे संघ उभे राहिले. श्रीगोंदा, पारनेर, कर्जत, जामखेड या कमी पावसाच्या तालुक्यांत तर गाय हाच विमा. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारात पाणलोटाची कामं होऊन चारा वाढला, तेव्हा गावाचं दूध दिवसाला दीडशे लिटरवरून चार हजारांच्या घरात गेलं.

एवढं दूध वाढलं, पण त्याचं बोलणं कायम लिटरमध्येच राहिलं. १ जून २०१७ ला राहाता तालुक्यातल्या पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, रस्त्यांवर दूध ओतलं गेलं. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेलं बंद पडली आणि गायीच्या दुधाचा दर लिटरला वीस रुपयांच्याही खाली घसरला. पुन्हा आंदोलनं, अकोले तालुक्यापासून सांगलीपर्यंत. २०२४ च्या जानेवारीत सरकारने लिटरमागे पाच रुपये अनुदान आणलं, जुलैत तीस अधिक पाच असा हिशोब ठरला, ऑक्टोबरात अठ्ठावीस अधिक सात. दोन्हीची बेरीज पस्तीसच, फक्त डेअरीचा वाटा कमी आणि सरकारचा जास्त. पुणतांब्याच्याच तालुक्यात शिर्डी आहे. तिथल्या हॉटेलांच्या कार्डावर पनीरच्या भाज्यांची पानभर रांग. ज्याने दूध ओतलं तो आणि जो मटर पनीर वाढतो तो, दोघे एका तालुक्याचे. किलोमागे किती लिटर हा प्रश्न दोघांच्या मध्ये कुणी विचारत नाही.

आता या दुधाचं घरी काय होतं ते बघू. इथे एक अडचण आहे आणि ती सांगणाऱ्याने लपवू नये. गायीच्या, त्यातही संकरित गायीच्या दुधाचं पनीर मऊ होतं, भुसभुशीत होतं. म्हशीच्या दुधात केसीन हे प्रथिन जास्त, कॅल्शियम जास्त, स्निग्धांश जवळपास दुप्पट. त्याचा ठोकळा घट्ट बसतो, सुरीने चौकोन पडतात, रश्शात उकळले तरी कोपरे शाबूत. हॉटेलने आपल्याला शिकवलेलं पनीर ते. नगरची बाई हौसेने घरच्या गायीचं पनीर करते, भाजीत टाकते, त्याचा चुरा होतो आणि ‘आपल्याला जमत नाही बुवा’ म्हणून ती पुन्हा पाकिटावर येते.

तिचं काही चुकलेलं नसतं. ते दूध चौकोनासाठी नाहीच. बंगालचे मिठाईवाले छेन्यासाठी मुद्दाम गायीचं दूध निवडतात, तो मऊपणाच त्यांना हवा असतो. आपल्या जिल्ह्याचं दूध मऊ, ताज्या, चमच्याने खायच्या चीजचं दूध आहे, असं माझं ठाम मत आहे. त्याला दाबून, पिळून, वर दगड ठेवून म्हशीचं पनीर बनवायचा अट्टहास सोडला की निम्मं काम झालं.

कृती साधी आहे. जाड बुडाच्या पातेल्यात दोन लिटर दूध तापत ठेवा. गोठ्यातलं असेल तर उत्तम, पिशवीचं असेल तर फुल क्रीम घ्या. वर चढायला लागलं की गॅस बंद करा आणि पाचेक मिनिटं सावकाश ढवळत थांबा. इतकं तापवण्यामागे कारण आहे. दुधातल्या प्रथिनांत साधारण ऐंशी टक्के केसीन. ते आंबटाने गोळा होतं. उरलेली प्रथिनं एरवी पाण्याबरोबर वाहून जातात, पण कडक तापवलं की त्यातली बरीचशी केसीनला चिकटतात आणि चोथ्यात राहतात. वजनही वाढतं, मऊपणाही. मग चार ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजे सपाट चमचाभर, कपभर गरम पाण्यात विरघळवून थोडं थोडं घाला. लिंबू चालतं, पण प्रत्येक लिंबाचा आंबटपणा निराळा. खरं म्हणजे सगळ्यात चांगलं मागच्या खेपेचं आंबलेलं पनीरचं पाणी, त्याने चव गोल राहते.

इथे घाई करू नका आणि पातेल्यावरून नजर हलवू नका. आधी काहीच होत नाही. मग डावाच्या मागे दूध किंचित कणीदार दिसतं, कडेला पाणी सुटल्यासारखं वाटतं, आणि पुढच्या दोन-तीन हलवणीत सगळं पातेलं एकदम दोन भागांत वाटलं जातं. पांढरे ढग वर, खाली पाणी. ते पाणी दुधट असेल तर अजून चमचाभर आंबट हवं. ते स्वच्छ, फिकट पिवळसर-हिरवं झालं की थांबायचं, एक थेंबही जास्त नको. ती हिरवी झाक ब-२ जीवनसत्त्वाची, भेसळीची नव्हे. पहिल्यांदा करणारे हमखास घाबरतात. जास्तीचं आंबट पडलं तर चोथा रबरासारखा होतो आणि दोष दुधाला दिला जातो.

ओला सुती पंचा चाळणीवर पसरून हे सगळं अलगद ओता. पिळायचं नाही. वीस-पंचवीस मिनिटं आपोआप निथळू द्या, तोवर एखादं काम उरका. कोमट असतानाच मीठ, चमचाभर साय, आणि हवं तर भरडलेलं जिरं किंवा बारीक चिरलेली हिरवी मिरची घालून हाताने हलकं मळा. दोन लिटरांचं तीनशे ग्रॅमच्या वर भरतं, कारण यात पाणी जास्त ठेवलेलं असतं. गरम बाजरीच्या भाकरीवर हे लावून बघा, सोबत लसणाची चटणी आणि कांदा. ग्रेव्हीची आठवणही होणार नाही. चौकोनच हवे असतील तर दुधात तिसरा हिस्सा म्हशीचं मिसळा, पंच्यात बांधून वर पाण्याने भरलेला तांब्या पाऊण तास ठेवा, मग तासभर गार पाण्यात बुडवा. खाली उरलेलं दीड-पावणेदोन लिटर पाणी मोरीत ओतू नका. भाकरीचं, पोळीचं पीठ त्यात मळा, वरणात घाला, भात शिजवा.

दूध मुद्दाम फाडायचं हे आपल्याकडच्या जुन्या बायकांच्या मनाला पटत नसे. नासलेलं दूध म्हणजे नुकसान. त्यात गूळ घालून आटवायचं, पोरांना वाटीवाटीने द्यायचं आणि भांडं घासून टाकायचं. पण म्हणून आपल्या घरांत मऊ चीज नव्हतं असं कुणी म्हणू नये. पाडव्याच्या आदल्या रात्री पंच्यात बांधून खुंटीला टांगलेलं दही काय होतं? विरजणातल्या जिवाणूंनी दुधाची साखर खाऊन आम्ल केलं, त्या आम्लाने केसीन बांधलं गेलं, कापडातून पाणी निथळलं. युरोपात आंबवून निथळलेली जी ताजी चीज होतात त्यांची रीत यापेक्षा फार वेगळी नाही. आपण त्यात साखर, वेलची, जायफळ घातलं आणि त्याचं श्रीखंड झालं. लेबनॉनवाल्यांनी मीठ घातलं, लाटलेल्या रोटीवर लावलं आणि लबने म्हणून जगभर विकलं. यंदा चक्का बांधाल तेव्हा साखर घालण्याआधी मूठभर बाजूला काढा. मीठ, ठेचलेला लसूण, थोडी मिरी, वर शेंगदाण्याच्या कच्च्या घाणीच्या तेलाची धार. दह्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा चक्का मिळतो हे धरून दही लावा. आणि उन्हाळा असेल तर टांगायची जागा फ्रिजमध्ये शोधा. नगरच्या एप्रिलमध्ये बाहेर टांगलेला चक्का सकाळपर्यंत डोळे मिटायला लावील इतका आंबतो.

खरवस हा तर आणखी पुढचा चमत्कार. तिथे आंबट नाही, विरजण नाही. गाय व्याल्यानंतरच्या पहिल्या चिकात प्रथिनं इतकी गच्च असतात की गूळ-वेलची घालून वाफवलं की ते आपसूक धरतं. फक्त आधी वासराला पोटभर पाजा. त्याची सगळी प्रतिकारशक्ती त्या पहिल्या काही तासांच्या चिकातून येते, आणि शेजाऱ्यांना वाटीभर चीक वाटायची आपली रीत वासराच्या वाट्यातून पाळायची नसते.

आंबट आणि उष्णता सोडून तिसरी वाट रेनेटची. वासराच्या जठरातलं विकर दूध गोड असतानाच दह्यासारखं धरवतं. युरोपातल्या बहुतेक चीजचा पाया तो. हे आपल्याकडे अगदी अनोळखी होतं असंही नाही. मुंबईच्या पारशी घरांत टोपली नु पनीर करतात. बारीक टोपल्यांत धरवलेल्या, आपल्याच पाण्यात तरंगणाऱ्या लुसलुशीत वड्या. ज्याने एकदा खाल्ल्या तो हॉटेलच्या चौकोनाकडे वळून बघत नाही. आता बुरशीपासून केलेलं शाकाहारी रेनेट मिळतं. दूध बत्तीस अंशांच्या आसपास, म्हणजे बोटाला जेमतेम कोमट, त्यात पाण्यात मिसळलेले दोन-चार थेंब, आणि पाऊण तास पातेल्याला हात लावायचा नाही. सुरी तिरकी घालून उचलल्यावर स्वच्छ चीर पडली की धरलं. पण उकळलेलं दूध रेनेटला दाद देत नाही, टेट्रा पॅकचं तर मुळीच नाही. आणि कच्चं वापरायचं तर धोका आहे. आपल्याकडच्या गुरांत ब्रुसेलोसिस आहे, आणि ताज्या मऊ चीजमध्ये पाणी भरपूर असल्याने रोगजंतूंना ते मानवतं. मधला रस्ता म्हणजे दूध त्रेसष्ट अंशांवर अर्धा तास धरून ठेवायचं आणि लगेच गार करायचं. शंभर-दोनशे रुपयांचा थर्मामीटर त्यासाठी घ्यावा. गरोदर बायकांनी कच्च्या दुधाचं चीज खाऊच नये, हौस म्हणूनही नाही.

ज्यांना हे फार परदेशी वाटतंय त्यांनी श्रीरामपूरकडे बघावं. तिथल्या प्रभात डेअरीचा दूधधंदा २०१९ मध्ये लॅक्टॅलिसने सुमारे सतराशे कोटींना घेतला. लॅक्टॅलिस फ्रान्सची, जगातल्या सगळ्यात मोठ्या दूधकंपन्यांपैकी. चीजच्या देशातले लोक इतक्या लांब येऊन नगरच्या दुधावर एवढी रक्कम लावतात. त्यांनी किलोमागे किती लिटर, याचा हिशोब नक्कीच केलेला असणार.

आणि एक जनावर या सगळ्या बोलण्यातून कायम सुटतं. शेळी. जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाणारी गाय नाही, पण संगमनेरच्या नावाची शेळी आहे. संगमनेरी ही देशातली मान्यताप्राप्त जात, बहुतेक पांढरी, कधी काळे-तांबडे ठिपके. नगर, नाशिक, पुणे हा तिचा मुलूख. दूध आणि मांस दोन्हींसाठी पाळतात, म्हणजे प्रत्यक्षात मांसासाठीच; दूध लिटरभराच्या आत-बाहेर, ते करडं पितात आणि उरलं तर चहात जातं. शेळीच्या दुधातले स्निग्धाचे कण बारीक, चोथा नाजूक. त्याचं दाबून पनीर करणं म्हणजे दुधाची माती. पण चमचाभर ताक आणि रेनेटचा एक थेंब घालून ते हिवाळ्यात रात्रभर स्वयंपाकघरात ठेवलं, सकाळी पंच्यात बांधलं, तर संध्याकाळी जे हाताला लागतं त्याच्यासाठी मोठ्या शहरांतल्या दुकानांत गायीच्या चीजच्या कितीतरी पट पैसे मोजतात. नगरच्या थंडीत वीस-बावीस अंश आपोआप मिळतात, त्यासाठी यंत्र नको. बोकड मात्र दुधाच्या शेळीपासून लांब बांधा, त्याचा दर्प दुधात उतरतो. हे धनगराला सांगावं लागत नाही, आपल्याला लागतं.

बचत गटांनी यात उतरावं का? पापड-लोणच्यापेक्षा हे अवघड आहे, कारण माल नाशवंत. एफएसएसएआयची नोंदणी, स्वच्छ पाणी, विजेचा भरवसा आणि माल झटपट उचलणारं गिऱ्हाईक या चारही गोष्टी असतील तर जरूर. नसतील तर घरापुरतं करा. अनुदानाच्या पैशातून मोठं मशीन घेऊन शेडमध्ये झाकून ठेवलेलं गावोगाव दिसतं, त्यात भर नको.

दिवाळीला पाहुणे येतीलच. एका सकाळी डेअरीला घालायच्या दुधातलं दोन लिटर मागे ठेवा, शहरात असाल तर रतीबवाल्याला सांगून गायीचं जास्तीचं घ्या. निथळल्यावर चोथा काट्यावर ठेवून वजन करा आणि दुकानातल्या किलोच्या भावाशी तुमचा हिशोब ताडून बघा. करून ठेवलेलं मीठ घातलेलं पनीर झाकून फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवसांत संपवा, आणि चौथ्या दिवशी आंबूस वास आला तर चव घेऊन बघायच्या भानगडीत न पडता टाकून द्या.